राणीचं दुसरं बाळंतपण

रुख्मिणी : आता तुमी मोजा. माह्या डोयाले काही दिसून नाही राहिलं.

पंजाबराव : मोजू काय? टाकीत दोनच त पिल्लं हायेत. दुपारी तू बावीस म्हणत होती.

रुख्मिणी : बावीसच होते. दोन वेळा मोजले मी. आकांक्षानं सांगतलं तसे जाळीनं काढले अन् काचेच्या बरणीत ठेवले. जिऱ्याएवढं एकेक. नुसते दोन डोळे अन् शेपूट.

पंजाबराव : मंग बरणीतून गेले कुठं? बरणीले काही मागचा दरवाजा नाही.

रुख्मिणी : बरणीतून गेले नाहीत. मीच काढले.

पंजाबराव : काढले म्हणजे?

रुख्मिणी : राणीजवळ सोडले. टाकीत.

पंजाबराव : अवं, नातीनं अकोल्याले जाताना एवढा कागद चिकटवला काचेवर. लाल पेननं. हे पाह्य. ‘पिल्लं दिसली की लगेच आईपासून वेगळी करणे.’ ‘लगेच’च्या खाली दोन रेघा हायेत.

रुख्मिणी : मले वाचता येते. पण नऊ वर्षाच्या पोट्टीले बाळंतपणातलं काय समजते? तेहतीस वर्ष नर्स होती मी, मोर्शीच्या खेड्यापाड्यांत. किती सासवांशी भांडली असन मी, लेकरू मायजवळ द्या म्हून. पहिल्या तासात लेकरू मायच्या अंगाशी, हा माहा नेम. अन् आता ह्या बावीस जणांले मायपासून तोडून बरणीत कोंडू? टाकीकडे तोंड करून कसे टुकटुक पाहून राहिले होते.

पंजाबराव : अन् मासोळी त्यायले दूध पाजणार होती.

रुख्मिणी : निदान मायजवळ त राहतीन, म्हटलं.

पंजाबराव : राणीचं पोट पाह्य बरं. दुपारी रिकामी झाली होती ना? आता परत गोल दिसून राहिलं.

रुख्मिणी : बाळंतपणानंतर थोडी सूज राहते.

पंजाबराव : सूज नोहे ते, रुख्मिणी. तिकडे पाह्य, त्या झाडाच्या पाल्याजवळ. एक पिल्लू हाये. त्याच्या मागं राणी हाये. आता पाह्य.

रुख्मिणी : मा माय.

पंजाबराव : एकच राहिलं आता. अन् त्याच्या मागं राजा हाये.

रुख्मिणी : जाळी द्या. ते लहान जाळी द्या, तुमच्या हाताजवळच हाये.

पंजाबराव : गेलं.

रुख्मिणी : सोताच्या पोटचं. मायनं बी अन् बापानं बी.

पंजाबराव : अन् तू मलेरियाच्या ड्युटीत हेच गप्पी मासे वाटत फिरली गावोगाव. डास नको म्हून हौदात सोड, डबक्यात सोड. एवढ्या वर्षांत एकदाही समजलं नाही?

रुख्मिणी : हौदात सोडले अन् पुढच्या गावाले गेली. काठावर बसून कोण पाहते, किती झाले अन् किती खाल्ले?

पंजाबराव : घे, फोन वाजून राहिला. पाच वाजले. शाळेतून आली वाटते आकांक्षा.

रुख्मिणी : स्पीकरवर लावा. अन् तुमी तोंड उघडू नका.

आकांक्षा : आजी, झाली का पिल्लं?

रुख्मिणी : नाही वं माय. अजून कुठं.

आकांक्षा : अजून नाही? शेपटीजवळ काळा डाग दिसतो ना?

रुख्मिणी : दिसते. थोडा थोडा.

आकांक्षा : मग होतीलच. बाबांनी इथे नवीन टाकी आणली माझ्यासाठी. दिवाळीच्या सुट्टीत मी येईन आणि पिल्लं घेऊन जाईन. मला राजासारखी लाल शेपटीवाली पाहिजेत. तू कागद वाचते ना?

रुख्मिणी : वाचतो.

आकांक्षा : सगळा?

रुख्मिणी : सगळा. ठेवू का आता? गॅसवर दूध हाये.

पंजाबराव : दूध त सकाळीच तापलं.

रुख्मिणी : पहिले फोन बंद झाला का ते पाहा.

पंजाबराव : झाला. खोटं काहून बोलली पण? आठ-दहा मासोळ्या आणून देतो तिले, राजकमल चौकात ढिगानं भेटतात.

रुख्मिणी : तिले राजाराणीची पाहिजे. अन् ते बी जाऊ द्या. जूनमध्ये आपल्या विपुलची अकोल्याले बदली झाली, तेव्हापासून हे पोट्टी रोज पाचच्या ठोक्याले फोन करते. बाकी कोण करते, सांगा. पोराले कामातून सवड नाही, सुनेले घरातून. अन् पोट्टी बी फोन करते ते काही माह्याशी बोलाले नाही करत, पिल्लं झाले का विचाराले करते. खाल्ले म्हून सांगतलं, त उद्यापासून कायले करन?

पंजाबराव : असं हाये होय.

रुख्मिणी : असंच हाये.

*

पंजाबराव : आज काय सांगतलं तिले?

रुख्मिणी : तेच. अजून दिवस हायेत.

पंजाबराव : महिना होत आला, रुख्मिणी. एवढ्यात त एखादी म्हैस बी मोकळी झाली असती. राजा मेला ते त सांगतलं होतं ना?

रुख्मिणी : ते लपते का? पिल्लं खाल्ले अन् दुसऱ्याच दिवशी उलटा पडला. तिनं व्हिडिओवर टाकी दाखवाले लावली, तेव्हा सांगाच लागलं. लय रडली. अन् मंग म्हणते कशी, आजी, राणीच्या पोटात आहेत तेच आता राजाचे शेवटचे. मले घास गेला नाही त्या दिवशी.

पंजाबराव : मंग टाक ना सांगून एकदाचं. एक दिवस रुसन, दोन दिवस रुसन.

रुख्मिणी : आज सांगतो. पण पहिले जरा इकडे या. एक विचारतो, हसायचं नाही. हे राणीचं पोट पाहा.

पंजाबराव : खाऊन खाऊन झालं असन.

रुख्मिणी : खाण्याचं पोट वेगळं अन् दिवस गेलेलं पोट वेगळं. मले नका शिकवू. हे खालून चौकोनी झालं हाये अन् शेपटीजवळ काळं पडलं हाये. गरोदर हाये हे.

पंजाबराव : कोणापासून? टाकीत एकटीच त हाये.

रुख्मिणी : तेच मी तीन दिवसांपासून पाहून राहिलो. राजा बाळंतपणाच्या दुसऱ्या दिवशी मेला. ओली बाळंतीण ते. एका दिवसात कोणाले दिवस जातात का?

पंजाबराव : माह्याकडे काहून पाहून राहिली? मी त टाकीत हात बी घालत नाही.

रुख्मिणी : हसू नका म्हटलं ना.

पंजाबराव : नाही हसत. पण तुह्या तेहतीस वर्षांत अशी केस आली नसन.

रुख्मिणी : आली नाही. म्हून त डोकं फिरलं माह्यं. तुमी असं करा, चप्पल घाला अन् चौकातल्या त्या मासेवाल्याले विचारून या. पण नीट विचारा. माह्या मालकिणीची मासोळी अन् असं तसं, लोकायले हसू नका आणू.

*

पंजाबराव : हसले. दुकानातले तिघं बी हसले.

रुख्मिणी : काय विचारलं तुमी?

पंजाबराव : जे तू सांगतलं तेच. नवरा मरून महिना झाला अन् बाईले दिवस राहिले, हे कसं. तो म्हणे काका, मासोळी म्हणा पहिले, बाई काय म्हणता.

रुख्मिणी : तुमी ना, एसटीत कंडक्टर होते तेच बरं होतं. तिथं निदान तिकिटापुरतंच बोलावं लागत होतं. सांगतलं काय त्यानं?

पंजाबराव : सांगतलं, की गप्पीची मादी एकदा नराजवळ राहिली, की त्याचं ते पोटात जपून ठेवते. नर मेला तरी चालते. पुढं चार-सहा महिने ते पिल्लं देऊ शकते, त्याचेच.

रुख्मिणी : त्याचेच?

पंजाबराव : राजाचेच. काही शक नाही.

रुख्मिणी : मेलेल्या राजाचे.

पंजाबराव : हाव. रडून कायले राहिली आता?

रुख्मिणी : रडून कुठं राहिलो. म्हणजे अजून दिवस हायेत म्हून मी सांगत होती, ते खोटं नाही राहिलं आता.

पंजाबराव : अर्धं खोटं राहिलं. पण तुहं नशीब लय जोरात हाये बाप्पा.

रुख्मिणी : बसू नका, कामाले लागा. यावेळी कागदात लिहिलं तसंच होईन. लगेच म्हणजे लगेच. जाळीनं धरण्यात वेळ जाते अन् तेवढ्यात हे अवदसा चार खाऊन टाकते. पिल्लू बाहेर आलं की आपोआप वेगळं झालं पाहिजे.

पंजाबराव : दुकानात डबा भेटते त्यासाठी. आणू का?

रुख्मिणी : पाहून आले ना तुमी? कसा हाये?

पंजाबराव : माय वरच्या कप्प्यात. खाली फट. पिल्लू फटीतून खाली पडते, माय मागं जाऊ शकत नाही.

रुख्मिणी : मंग घरात हाये आपल्या. पालक धुवायची ते प्लास्टिकची टोपली काढा. सुतळीनं टाकीच्या काठाले बांधू, अर्धी पाण्यात. राणी टोपलीत, पिल्लं भोकातून खाली टाकीत. भोक केवढं हाये पाहा, बडीशेप टाकून पाहा.

पंजाबराव : बडीशेप जाते.

रुख्मिणी : मंग लेकरू जाईन. टोपली गरम पाण्यानं धुवा, साबण नका लावू. अन् नळाचं पाणी दोन बादल्या भरून उघडी ठेवा, औषधाचा वास उडाला पाहिजे.

पंजाबराव : आता लेबर रूमबाहेर पाटी लावतो. पुरुषांनी आत येऊ नये.

रुख्मिणी : तुमाले आत घेणार हायो. मोजाले कोण हाये मंग?

*

(दुपार. अंधार राहावा म्हणून टाकीवर जुनी साडी पांघरलेली. दोघं हळू बोलतात.)

रुख्मिणी : काठाची बाजू उचला थोडी. थोडीच.

पंजाबराव : काही दिसून नाही राहिलं. एका कोपऱ्यात उभी हाये नुसती.

रुख्मिणी : थरथरून राहिली पाहा. आता. आता येईन.

पंजाबराव : आलं. अवं, आलं. गोळी होऊन आलं.

रुख्मिणी : गुंडाळलेलं असते. उलगडू द्या त्याले.

पंजाबराव : उलगडलं. पडलं भोकातून. पोहून राहिलं, रुख्मिणी, सरळ पोहून राहिलं. जन्मून किती वेळ झाला, पाच सेकंद?

रुख्मिणी : आवाज कमी. एक झालं.

पंजाबराव : दुसरं. तिसरं बी त्याच्या मागंच. चला, मागं सरका, मागं सरका, पुढच्या लोकायले जागा द्या.

रुख्मिणी : बस नोहे ते.

पंजाबराव : गर्दी झाली की तोंडातून निघतेच माह्या. पाच. सहा. हे पाह्य, राणी मागं वळली, खाली तोंड घालून राहिली.

रुख्मिणी : घालू द्या. घाल बाई, घाल तोंड. टोपली हाये मधात.

पंजाबराव : तुले राग आला का तिचा?

रुख्मिणी : राग कायचा. तिले काय माहीत, आपलं कोणतं अन् दुसऱ्याचं कोणतं. हलणारं दिसलं की खाते. मलेच समजलं पाहिजे होतं. किती झाले?

पंजाबराव : चौदा. पंधरा. हे सोळावं काहून उलगडून नाही राहिलं? टाकीच्या तळाशीच पडलं.

रुख्मिणी : कुठं? हं. थांबा. रडत असतं त समजलं असतं हो, हे रडत बी नाही.

पंजाबराव : गेलं असन. राहू दे.

रुख्मिणी : राहू काय देता. चमचा द्या. लाकडी द्या. हात नाही लावत मी, पाणी हलवतो त्याच्याजवळ. असं. उठ बापू. उठ.

पंजाबराव : रुख्मिणी.

रुख्मिणी : गप बसा.

पंजाबराव : हललं. शेपूट हललं.

रुख्मिणी : पाह्यलं मी.

पंजाबराव : निघालं वर. सोळा. लिही, सोळा. आता तू बस खुर्चीवर.

रुख्मिणी : बसत नाही मी. टेबल हलून राहिला, तुमी टेकले हाये त्याले. सतरा... एकोणीस... एकवीस. झाली मोकळी राणी. पाच वाजाले किती वेळ हाये?

पंजाबराव : दहा मिनिटं.

रुख्मिणी : आज मी लावतो फोन. शाळेतून आली नसन त वाट पाहीन. लावा. हॅलो, आकांक्षा? आली का वं घरी?

आकांक्षा : आत्ताच आली. आजी, तू कसा काय फोन केला?

रुख्मिणी : झाले.

आकांक्षा : खरंच?

रुख्मिणी : एकवीस. एकवीसच्या एकवीस जिवंत. तुह्या राजाचे.

आकांक्षा : वेगळी केली ना लगेच?

रुख्मिणी : लगेच. खाली दोन रेघा हायेत.

आकांक्षा : आजी, तुझा आवाज असा का येतो?

पंजाबराव : दोन तासांपासून उभी हाये म्हून. अन् मी बी उभा हाये, माह्यं कोणी विचारत नाही.

*

(दिवाळीची सुट्टी. आकांक्षा आली आहे, टाकीसमोर बसून मोजते.)

आकांक्षा : सतरा, अठरा, एकोणीस. आबा, तुम्ही काचेवर बोट नका लावू, ती सगळी तिकडेच येतात.

पंजाबराव : जेवणाची वेळ समजते त्यायले. पाच आठवडे झाले, अंडं उकडायचं, पिवळं त्यायले अन् पांढरं मले. दिवसातून चार वेळा. माहे डॉक्टर म्हणतात, काका, तब्येत सुधारली.

रुख्मिणी : पिवळं बी तसंच नाही देत. गॉजच्या पट्टीतून गाळून, टाचणीच्या डोक्याएवढं. जास्त पडलं की पाणी नासते. पहिल्या आठवड्यात दोन त्याच्यानंच गेले, ते तुले त्याच दिवशी सांगतलं होतं.

आकांक्षा : हो, सांगितलं होतं. आजी, यातले तीन लाल व्हायला लागले. हा बघ, हा. शेपटीला पाहा.

रुख्मिणी : पाह्यतो. रोजच पाह्यतो.

आकांक्षा : आजी, एक विचारू? राजा ऑगस्टमध्ये मेला. आणि त्याच्या आधी तू व्हिडिओवर दाखवलं, तेव्हाच राणीचं पोट चौकोनी झालं होतं. मी कॅलेंडरवर लिहून ठेवलं होतं. मग तेव्हाची पिल्लं कुठे गेली?

पंजाबराव : मी जरा दूध घेऊन येतो.

रुख्मिणी : बसा तिथंच. दूध हाये घरात. आकांक्षा, इकडे ये. झाले होते तेव्हा. बावीस झाले होते. मी तुह्या कागदाप्रमाणं वेगळे केले, अन् मंग माह्याच मनानं परत मायजवळ सोडले. राणीनं अन् राजानं खाऊन टाकले सगळे. माह्या डोयासमोर.

आकांक्षा : सगळे?

रुख्मिणी : सगळे. अन् तू फोन केला तेव्हा मी खोटं बोलली. एक दिवस नाही, महिनाभर बोलली.

आकांक्षा : का सोडले पण? मी लिहिलं होतं ना.

रुख्मिणी : मले वाटलं, मले तुह्याहून जास्त समजते.

आकांक्षा : आबा तुला रागावले?

रुख्मिणी : ते कायचे रागावतात. दुसऱ्या दिवशी जिलेबी घेऊन आले.

पंजाबराव : ते उपाशी होती म्हून.

आकांक्षा : मग कोणीच नाही रागावलं?

रुख्मिणी : कोणीच नाही.

आकांक्षा : मग मला रागवावं लागेल.

रुख्मिणी : रागाव बाई. मी त वाट पाहून राहिलो तवापासून.

आकांक्षा : नीट उभी राहा. आजी, कागदावर लिहिलं ते करायचं. तू नर्स आहे तरी करायचं. आणि माझ्याशी खोटं नाही बोलायचं. मी शाळेत प्रार्थनेच्या वेळी पण राणीचाच विचार करत होती. आणि मी तिथे दूर आहे, मला इथलं काहीच दिसत नाही. तू सांगशील तेवढंच मला माहीत होतं.

रुख्मिणी : हाव. हे खरं हाये.

आकांक्षा : परत बोलशील?

रुख्मिणी : नाही बोलणार.

आकांक्षा : आता बस. झालं माझं.

रुख्मिणी : एवढंच? बावीस होते.

आकांक्षा : एवढंच. मला पण वाईट वाटतं, तुला जास्त वाटलं असेल, तू तर पाहिलं. आता आबा, ती मोठी बाटली द्या. अर्धं टाकीचंच पाणी भरा, वरची हवा ठेवा. बस दोन तासांची आहे.

पंजाबराव : एकाच बाटलीत मावतीन का एकोणीस? दुसरी बी काढू?

आकांक्षा : नाही, एकच. मी नऊच नेणार. लाल दोन मला, एक इथे. आणि राणी पण इथेच.

रुख्मिणी : काहून? सगळे ने ना. तुहेच हायेत. त्याच्यासाठीच त वाढवले मी. तुह्यावाल्या नव्या टाकीत लय जागा हाये.

आकांक्षा : जागा आहे. पण सगळे नेले, तर मग पाच वाजता फोन करून मी तुला विचारू काय?